प्लास्टिक शरीरातलं, की प्रयोगशाळेतलं?

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी.

सुरुवात घरातूनच करतो. गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. तिला सातवा महिना चालू आहे. म्हणाली, "अरे, ते रील बघितलंस का? बाळाच्या वारेत प्लास्टिक सापडलंय म्हणे. म्हणजे बाळातही गेलं असणार ना?" मागून आईचा आवाज, "डब्यांचं काय करायचं तेही विचार त्याला." आईनं स्वयंपाकघरातले सगळे प्लास्टिकचे डबे ओट्यावर काढून ठेवले होते. डाळी, पोहे, साखर, सगळं वाट बघत बसलेलं.

आता मी सॉफ्टवेअरवाला माणूस, डॉक्टर नाही. पण घरात एक बीटेक असला की गीझरपासून गर्भापर्यंत सगळे प्रश्न त्याच्याकडेच येतात. म्हटलं, "दोन आठवडे दे, वाचून सांगतो." वाचायला बसलो आणि लक्षात आलं की शरीरात प्लास्टिक सापडण्याचा इतिहास रीलवाल्यांना वाटतो त्यापेक्षा बराच जुना आहे. आणि त्यातला खरा अवघड प्रश्न "प्लास्टिक सापडलं का?" हा नाहीच. खरा प्रश्न आहे, "सापडलं ते नक्की कुठून आलं?"

पहिलं प्लास्टिक आपणच बसवलं

गोष्ट इंग्लंडमधली. १९५० च्या दशकाच्या शेवटी राइटिंग्टन हॉस्पिटलमध्ये जॉन चार्नली नावाचे सर्जन खुब्याचा सांधा बदलण्याचं ऑपरेशन विकसित करत होते. मांडीच्या हाडाला स्टीलचा गोळा आणि समोर प्लास्टिकची वाटी. वाटीसाठी त्यांनी टेफ्लॉन निवडलं. हो, तेच, नॉनस्टिक तव्याचं. सुरुवातीचे निकाल जबरदस्त होते. चालता न येणारी माणसं चालायला लागली.

दोन-तीन वर्षांत गडबड सुरू झाली. स्टीलचा गोळा टेफ्लॉनवर घासून घासून वाटी झिजत होती, तिचा बारीक चुरा सांध्याभोवती साचत होता आणि शरीर त्या चुऱ्यावर तुटून पडत होतं. सुमारे ३०० रुग्णांची ऑपरेशनं पुन्हा करावी लागली.

मग चार्नलींनी जे केलं ते वाचून मी उडालोच. त्यांनी टेफ्लॉनचे आणि दुसऱ्या एका प्लास्टिकचे, म्हणजे पॉलिथिलीनचे नमुने स्वतःच्याच मांडीत घालून घेतले. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागतील अशा गाठी झाल्या. पॉलिथिलीनच्या जागी तसं काही झालं नाही. हा अनुभव त्यांनी १९६३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. त्याआधीच, १९६२ मध्ये, त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी पॉलिथिलीनचा तुकडा झिजेच्या यंत्रावर लावून बघितला होता आणि तो टेफ्लॉनपेक्षा कितीतरी पटीनं कमी झिजला होता. पुढे जगभर याच प्रकारचे सांधे बसवले गेले.

पॉलिथिलीनही झिजतंच, फक्त हळू. २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की कृत्रिम सांधे बसवलेल्या लोकांच्या पोटातल्या लसीकाग्रंथींमध्ये, आणि काही जणांच्या यकृतात-प्लीहेतही, सांध्याच्या झिजेचे कण पोचलेत.

म्हणजे प्लास्टिकचे कण शरीरात फिरू शकतात, शरीर त्यांच्यावर प्रतिक्रिया देतं, हे सर्जन लोकांना मायक्रोप्लास्टिक हा शब्द रुळायच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. आणि त्यांच्या शोधावर कुणी शंका घेतली नाही. का? कारण प्लास्टिक कुठून आलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपणच बसवलं होतं.

मग कामगारांची फुप्फुसं

१९७५ मध्ये लिस्बनच्या डॉक्टरांनी सात कामगारांबद्दल एक लेख लिहिला. हे लोक कृत्रिम धाग्यांच्या धुळीत काम करायचे, आणि त्यांच्या फुप्फुसांत त्याच धाग्यांचे अंश होते. डॉक्टरांनी याला व्यवसायामुळे होणारा नवा आजार म्हटलं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधून तसाच प्रकार पुढे आला. तिथे नायलॉनचे बारीक तुकडे चिकटवून मखमलीसारखं कापड बनवायचे. कामगारांना धाप लागायची, खोकला जायचा नाही. त्या आजाराला नावच पडलं 'फ्लॉक वर्कर्स लंग'.

हा भाग रीलमध्ये कधीच येत नाही. प्लास्टिकच्या धुळीचं नुकसान पहिल्यांदा भोगलं ते कारखान्यातल्या माणसांनी. आणि तिथेही पुरावा पक्का होता, कारण कारण समोर होतं. मशीन, धूळ, माणूस.

त्याच १९९८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या रॉसवेल पार्क कॅन्सर संस्थेतून आणखी एक लेख आला. त्यांनी कॅन्सरच्या आणि बिनकॅन्सरच्या फुप्फुसांचे ११४ नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. ८७ टक्के नमुन्यांत धागे होते, काही कापसासारखे, काही प्लास्टिकचे. आता प्रश्न बदलला. इथे मखमलीचं मशीन नव्हतं. मग हे धागे आले कुठून? आणि नुसतं बघून प्लास्टिक कुठलं आणि कापूस कुठला हे छातीठोकपणे कसं सांगायचं?

ओळख पटवणारी यंत्रं

या प्रश्नाचं उत्तर समुद्राच्या अभ्यासातून आलं. १९७२ मध्ये एडवर्ड कार्पेंटर आणि के. एल. स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञांनी सारगासो समुद्राच्या पृष्ठभागावर प्लास्टिकचे तुकडे सापडल्याचं जाहीर केलं, सरासरी चौरस किलोमीटरला सुमारे ३,५०० तुकडे. पण ते डोळ्यांना दिसणारे होते. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांनी त्याहून बारीक कण शोधले आणि 'मायक्रोप्लास्टिक' हा शब्द रुळला. त्यांच्या हातात एक खजिना होता. जहाजांच्या मागे बांधलेल्या यंत्रातून समुद्रातले सूक्ष्मजीव गोळा करून जपलेले १९६० च्या दशकापासूनचे नमुने. सगळे एकाच पद्धतीनं घेतलेले. त्यात दिसलं की १९८० आणि ९० च्या दशकांत प्लास्टिकचं प्रमाण वाढलंय. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर त्यांच्याकडे जुने लॉग सांभाळून ठेवलेले होते.

कण प्लास्टिकचाच आहे हे ठरवायला त्यांनी इन्फ्रारेड किरण वापरले. प्रत्येक प्रकारचा रेणू इन्फ्रारेडचे ठरावीक भाग शोषतो, त्याचा एक आलेख मिळतो आणि तो आलेख म्हणजे त्या पदार्थाचा अंगठ्याचा ठसा. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी एक गंमत. हे यंत्र ज्या गणितावर पळतं ते फोरियर ट्रान्सफॉर्म. १९६५ मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी ते झटपट करायची पद्धत मांडली आणि मग अशी यंत्रं परवडायला लागली. चौथ्या सेमिस्टरला रट्टा मारलेलं गणित एक दिवस प्लास्टिक शोधेल असं वाटलं होतं का?

दुसरं यंत्र तर थेट आपल्याकडचंच म्हणायला हवं. २८ फेब्रुवारी १९२८. कलकत्त्यात सी. व्ही. रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांना दिसलं की एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला तर त्यातला अगदी थोडा भाग रंग बदलून परत येतो, आणि तो बदल पदार्थानुसार वेगळा असतो. हाच रामन परिणाम. १९३० चं नोबेल, आणि म्हणूनच आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो. लेझर आल्यावर हे तंत्र सूक्ष्मदर्शकाला जोडता आलं. इन्फ्रारेडचं यंत्र साधारण १० मायक्रॉनच्या खाली अडखळतं. रामनचं यंत्र १ मायक्रॉनच्या आसपासचा कणही ओळखू शकतं. तुमचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे विचार करा.

एकामागून एक अवयव

आता हत्यारं तयार होती. २०१८ मध्ये व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्यापीठाचे फिलिप श्वाबल यांनी आठ देशांतल्या आठ जणांचे शौचाचे नमुने तपासले. आठही जणांत प्लास्टिक. १० ग्रॅममागे साधारण २० कण.

मग ताईच्या रीलमधला अभ्यास. रोममध्ये अँतोनियो रागुसा यांच्या गटानं सहा बायकांची वार तपासली. २०२१ च्या सुरुवातीला ते छापून आलं. त्यांनी बाळंतपणातच काळजी घेतली होती. डॉक्टर-नर्सच्या हातात सुती मोजे, नाळेला प्लास्टिकऐवजी धातूचा चिमटा. रामनच्या तंत्रानं चार जणींच्या वारेत मिळून १२ कण सापडले, ५ ते १० मायक्रॉनचे. बातमी जगभर गेली. पण मूळ लेखात एक गोष्ट आहे जी बातम्यांत बहुतेकदा गळते. बारापैकी तीनच कण पॉलिप्रोपिलीन म्हणून ओळखता आले. बाकी नऊमध्ये फक्त रंगद्रव्याचा ठसा मिळाला. रंग असा, जो प्लास्टिकमध्ये, रंगकामात, सौंदर्यप्रसाधनांतही वापरतात.

२०२२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या हेदर लेस्ली यांच्या गटानं २२ रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक असल्याचं सांगितलं. इथे पद्धत निराळी होती. कण बघायचे नाहीत, तर नमुना प्रचंड तापवायचा, त्याचे तुकडे तुकडे करायचे आणि निघालेल्या वायूंवरून मूळ पदार्थ ओळखायचा. या पद्धतीत अतिसूक्ष्म कणही हिशोबात येतात. पण कणाचा आकार, रूप काहीच दिसत नाही. फक्त वजनाचा आकडा येतो.

शून्य कुठे आहे?

इथे मला ऑफिसमधली एक गोष्ट आठवली. एका जुन्या नोकरीत आमचा सर्व्हर रोज रात्री मंद व्हायचा. तीन दिवस सगळा कोड पिंजून काढला. शेवटी सापडलं काय, तर सर्व्हर मंद आहे का हे तपासायला आम्हीच लिहिलेली स्क्रिप्ट त्याला मंद करत होती! तपासणाराच गुन्हेगार.

प्लास्टिक शोधणाऱ्यांची नेमकी हीच पंचाईत आहे. प्रयोगशाळेत प्लास्टिकच्या नळ्या, बाटल्या, सिरिंज. हवेत संशोधकाच्याच कपड्यांचे पॉलिएस्टर धागे. म्हणून चांगला गट एक कोरा नमुना घेतो. म्हणजे रक्त न घालता नुसतं शुद्ध पाणी सगळ्या पायऱ्यांतून न्यायचं. त्यात जे सापडेल ते आपणच घातलेलं. कोरा नमुना शून्य दाखवत नसेल तर उरलेल्या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा?

हातमोज्यांचंच बघा. २०२० मध्ये एका अभ्यासात आढळलं की एकदाच वापरायच्या हातमोज्यांवर कारखान्यात लावलेला स्टिअरेट नावाचा साबणासारखा पदार्थ यंत्राला पॉलिथिलीनसारखा वाटू शकतो. म्हणजे स्वच्छतेसाठी घातलेले मोजेच खोटा पुरावा तयार करतात.

आणि दुसरा सापळा आपल्या शरीरातच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या मॅथ्यू कॅम्पेन यांच्या गटानं मृत व्यक्तींच्या मेंदूत प्लास्टिक असल्याचं 'नेचर मेडिसिन'मध्ये छापलं. २०१६ च्या नमुन्यांपेक्षा २०२४ च्या नमुन्यांत सुमारे दीडपट. "मेंदूत चमचाभर प्लास्टिक" ही बातमी तुम्हीही वाचली असेल. पण त्यांचा मुख्य आकडा तापवून मोजायच्या पद्धतीचा. आणि मेंदूचं पाणी काढलं तर उरलेल्यात निम्म्याहून जास्त भाग चरबीच. चरबी तापवली की पॉलिथिलीनमधून निघतात तशीच काही रसायनं निघतात! त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कॅसांड्रा रावर्ट यांच्या गटानं दाखवलं की रक्तासारख्या नमुन्यात पॉलिथिलीन आणि पीव्हीसी मोजायला ही पद्धत सध्याच्या रूपात भरवशाची नाही. मेंदूच्या अभ्यासावरही इतर शास्त्रज्ञांनी याच मुद्द्यावर बोट ठेवलं.

आणि ते "आठवड्याला एक क्रेडिट कार्ड खाता" प्रकरण? २०१९ मध्ये आलेल्या एका अहवालात आठवड्याला ५ ग्रॅमपर्यंत असा आकडा होता. २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या वागेनिंगेन विद्यापीठातून आलेल्या गणितात प्रौढ माणसाचा आकडा आला आठवड्याला साधारण ४ मायक्रोग्रॅम. ग्रॅम आणि मायक्रोग्रॅम. म्हणजे सुमारे दहा लाख पटींचा फरक. रीलमध्ये मात्र अजून क्रेडिट कार्डच फिरतंय.

मग सगळं खोटं का?

नाही. आणि इथेच मला क्लेअर पॅटरसनची गोष्ट सांगायची आहे.

हे अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ. पृथ्वीचं वय काढायला त्यांना उल्केतलं शिसं मोजायचं होतं. पण प्रत्येक वेळी आकडा भलताच यायचा, कारण प्रयोगशाळेतच शिसं होतं. भांड्यांत, धुळीत, स्वतःच्या केसांत. अनेक वर्षं घासूनपुसून त्यांनी जवळजवळ शिसंमुक्त प्रयोगशाळा उभारली आणि १९५६ मध्ये पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं असल्याचं छापलं. पण मग त्यांना प्रश्न पडला, एवढं शिसं आलं कुठून? पेट्रोलमधून, रंगातून, पत्र्याच्या डब्यांतून. तोवर शिशाच्या उद्योगाशी जोडलेले तज्ज्ञ म्हणत होते की माणसाच्या शरीरात थोडं शिसं असणं नैसर्गिकच. १९६५ मध्ये पॅटरसन यांनी मांडलं की अमेरिकन माणसाच्या शरीरात नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभर पट शिसं आहे. उद्योग त्यांच्यावर तुटून पडला. आपल्याकडे शिशाचं पेट्रोल देशभर बंद व्हायला २००० साल उजाडलं.

म्हणजे बघा, मोजमाप घाणेरडं होतं म्हणून शिसं निर्दोष ठरलं नाही. उलट मोजमाप स्वच्छ झालं तेव्हाच त्याच्यावर गुन्हा सिद्ध करता आला. प्लास्टिकच्या अभ्यासांवर टीका करणाऱ्यांना प्लास्टिकचे वकील समजू नका. तेच आज पॅटरसनचं काम करतायत.

आणि दुर्लक्ष करण्यासारखं हे नाहीच. मार्च २०२४ मध्ये इटलीतल्या राफाएले मारफेला यांच्या गटानं मानेच्या धमनीत साचलेला थर तपासला. ज्यांचा पुढे पाठपुरावा झाला त्या २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिलीन आढळलं. जवळजवळ तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका प्लास्टिक सापडलेल्यांत सुमारे साडेचार पट होता. यानं प्लास्टिकमुळेच ते झालं हे सिद्ध होत नाही, हे त्यांनीही स्पष्ट लिहिलंय. पण दार ठोठावलं गेलंय एवढं नक्की.

ताईला काय सांगितलं

दोन आठवड्यांनी फोन केला. म्हटलं, "ताई, त्या अभ्यासात सहा बायका होत्या आणि नक्की ओळख पटलेले तीन कण. कण तिथपर्यंत पोचत असतील, ते शक्य आहे. पण त्यानं बाळाला अमुक होतं असं कुणी दाखवलेलं नाही. त्या रीलवर झोप घालवू नकोस."

"मग काहीच करायचं नाही का?"

"करायचं ना. गरम आणि प्लास्टिक यांची गाठ पडू द्यायची नाही." २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये पॉलिप्रोपिलीनच्या दूध पाजायच्या बाटल्या तपासल्या होत्या. लीटरमागे १ कोटी ६२ लाखांपर्यंत कण सुटले, आणि पाणी जितकं गरम तितके जास्त. बाळाच्या पोटात त्यातले किती राहतात हा वेगळा प्रश्न. पण काचेची किंवा स्टीलची बाटली घ्यायला त्या उत्तराची वाट कशाला बघायची?

आईनं मागून विचारलं, "आणि माझे डबे?"

डाळी, पोहे, साखर परत डब्यात गेली. गरम आमटी स्टीलच्या डब्यात. आई म्हणाली, "एवढं सांगायला दोन आठवडे लागले? स्टीलचे डबे मी तीस वर्षांपूर्वी रुखवतातच आणले होते."

तर मंडळी, पुढच्या वेळी "अमुक अवयवात प्लास्टिक सापडलं" अशी बातमी आली की शेअर करायच्या आधी तीन प्रश्न विचारा. किती माणसं तपासली? कुठल्या पद्धतीनं? आणि कोऱ्या नमुन्यात किती सापडलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्या बातमीत असेल, ती मला नक्की पाठवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि चहा स्टीलच्या नाहीतर काचेच्या ग्लासातच प्या!